साथ

आपल्या मराठीत ‘साथ’ हा शब्द दोन अगदी निराळ्या घरांत नांदतो. तबलजी गवयाला देतो ती साथ, आणि पूर्वी पावसाळ्याच्या तोंडी गावात पटकीची यायची तीही साथच. एकीला आपण विडा-सुपारी देऊन बोलावतो, दुसरी जावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो. पण दोघींचे एक लक्षण सारखे आहे. एका माणसाजवळचे काहीतरी दुसऱ्याजवळ पोहोचते, आणि ते कोणामुळे पोहोचले हे पुढे कोणाच्या ध्यानात राहात नाही.

ध्यानात राहतो तो पुढे बसलेला. गाणे गवयाचे, कीर्तन बुवांचे, शेत कारभाऱ्याचे आणि संसारही बहुधा त्याचाच. मैफल संपल्यावर तंबोऱ्यावर बसलेल्या दोघांची नावे निवेदक सांगतो खरा, पण तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात. याचा मला राग आहे असे नाही. सगळ्यांचीच नावे सगळीकडे छापत बसलो तर वाचायला कोणी उरणार नाही. प्रश्न नावाच्या पलीकडचा आहे. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याला साथ करण्यात गेले, त्याचे जगणे दुसऱ्या प्रतीचे समजायचे काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात तयार मिळतात. पहिले जुने आहे. साथ म्हणजे त्याग, समईची वात, चंदनाचे खोड. जळावे, झिजावे आणि बोलू नये. दुसरे नवे आहे. हा सगळा त्याग म्हणजे फुकट राबवून घेण्याला दिलेले गोड नाव. ज्याने त्याने आपापले गाणे गावे, दुसऱ्याच्या मागे का बसावे? पहिले उत्तर देणारा, मी पाहिले आहे, सहसा स्वतः पुढे बसून गात असतो. दुसरे उत्तर देणाऱ्याने, सगळेच गाऊ लागल्यावर ठेका कोण धरणार, याचा विचार केलेला नसतो. मला दोन्ही उत्तरे पुरी पडली नाहीत. तिसरे सापडले ते अनपेक्षित जागी: आमच्या वारंगा फाट्यावर, आणि तेही तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन सोनाट्यात. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

वारंगा फाटा हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आहे. नांदेडहून अर्धापूर ओलांडून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक वाट कळमनुरी-हिंगोलीवरून वाशीम-अकोल्याकडे जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. ‘फाटा’ या शब्दातच थोडा कमीपणा आहे. उगीच वाद घालणाऱ्याला आपण ‘फाटे फोडू नका’ असे सांगतो. फाट्याला जायचे म्हणून कोणी घरून निघत नाही. फाट्यावरून पुढे जातात. गाडी थांबते, माणसे उतरतात, गरम खिचडी खातात, चहा घेतात, चाकात हवा भरून घेतात आणि निघून जातात. मी याच भागात प्राथमिक शाळेत शिकवले. शाळेतल्या बाईचे आयुष्यही फाट्यासारखेच असते. मुले येतात, बाराखडी घेतात आणि आपापल्या वाटेला लागतात. तेव्हा वर विचारलेला प्रश्न मला केवळ पुस्तकात पडलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल.

माझा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला त्याची मुलगी इकडे आली, ती एक लाकडी पावा घेऊन. इंग्रजीत त्याला ‘रेकॉर्डर’ म्हणतात. ते नाव ऐकून शेजारच्या वहिनींनी ‘यात किती गाणी भरलीत गं?’ असे विचारले, तेव्हा पोर खुदकन हसली. यात काही भरलेले नसते; आपण श्वास भरू तेवढेच बाहेर येते. आपली बासरी आडवी धरायची, हा मात्र गुराख्याच्या पाव्यासारखा सरळ, चोच ओठांत धरून फुंकायचा. चोचीत एक लाकडी ठोकळा बसवून श्वासाला अरुंद वाट करून दिलेली असते. जर्मन लोकांनी त्या ठोकळ्यावरूनच त्याला ‘ब्लॉकफ्लोटे’ असे नाव दिले. पुढे सात भोके, मागे अंगठ्यासाठी एक. तिकडे पुष्कळ मुलांच्या संगीताचा श्रीगणेशा याच वाद्यावर होतो.

या वाद्याचा एक स्वभाव पुढच्या विचाराला फार उपयोगी आहे. ते मऊ आहे आणि त्याला ओरडता येत नाही. जोराने फुंकले तर आवाज मोठा होण्याऐवजी सूरच चढतो. हळू फुंकले तर सूर उतरतो. त्यामुळेच अठराव्या शतकात मैफली मोठ्या दालनांत होऊ लागल्या तसा हा पावा मागे पडला आणि आडव्या बासरीने त्याची जागा घेतली. जवळजवळ दीडशे वर्षे तो कपाटात पडून होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच याने जुने नमुने पाहून पुन्हा तसे पावे घडवले, आणि मग तो शाळाशाळांतून मुलांच्या हाती गेला. असे ओरडता न येणारे वाद्य पुढे बसवायचे असेल तर मागे बसणाऱ्याला विशेष शहाणपण लागते, हे उघड आहे.

नातीने आणलेली रचना गेओर्ग फिलिप टेलेमान या संगीतकाराची होती. हा १६८१ साली जन्मला आणि १७६७ साली वारला. १७२१ पासून तो हाम्बुर्ग शहराच्या संगीताची व्यवस्था पाहात होता. दिवाळी अंकाच्या वाचकांना तो आवडेल, कारण १७२८-२९ मध्ये त्याने संगीताचे एक पाक्षिकच चालवले. त्याचे नाव ‘डेर गेट्रॉये म्युझिक-माइस्टर’, म्हणजे ‘विश्वासू संगीतगुरू’. चार-चार पानांचे पंचवीस अंक निघाले. गंमत म्हणजे, एखादी रचना एका अंकात पुरी करायची नाही, तिचा पुढचा भाग पुढच्या अंकात द्यायचा, अशी युक्तीही त्याने केली होती. ‘अपूर्ण’ आणि ‘क्रमशः’ यांचा शोध आपल्याच संपादकांनी लावला अशी माझी समजूत होती! हे पाक्षिक घरी बसून वाजवणाऱ्या हौशी माणसांसाठी होते. याच पाक्षिकातला, या पाव्यासाठी लिहिलेला एक लहानसा सोनाटा नातीला तिच्या बाईंनी शिकवला होता. त्याचे भाग तीन: पहिला चपळ, मधला संथ, शेवटचा जलद.

या सोनाट्याच्या कागदावर दोनच ओळी असतात. वरची पाव्याची, ती पूर्ण लिहिलेली. खालची खर्जाची; तीही लिहिलेली, पण तिच्याखाली अधूनमधून नुसते आकडे. या खालच्या ओळीला ‘बासो कंटिन्युओ’ म्हणतात, म्हणजे अखंड चालणारा खर्ज. चेलोसारखे एखादे भारी आवाजाचे तंतुवाद्य ती ओळ वाजवते, आणि शेजारी हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन घेऊन बसलेला तीच ओळ डाव्या हाताने वाजवीत उजव्या हाताने वरचे सूर भरतो. ते सूर कोणते, याची खूण आकड्यांत असते. खर्जात ‘सा’ आहे आणि खाली आकडा नाही, तर वर ग आणि प धरावेत. त्याच ‘सा’खाली ६ लिहिला असेल तर ग आणि ध. एवढेच. ते कोणत्या सप्तकात धरायचे, एकदम धरायचे की तारा छेडल्यासारखे उलगडत न्यायचे, किती दाट भरायचे, कुठे नुसता खर्ज ठेवून हात वर उचलायचा, हे काहीही लिहिलेले नसते. ते वाजवणाऱ्याने ठरवायचे.

म्हणजे पावा घेतलेली एक, चेलोवाला एक आणि हार्प्सिकॉर्डवाला एक, अशी तीन माणसे मिळून हे वाजवीत. आणि त्या काळी अशा रचनेला नाव काय होते? ‘सोलो’. एकट्याचे! तीन माणसे घाम गाळणार आणि त्याला म्हणायचे एकल. बाराखडी वेगळी असली तरी माणसांचा स्वभाव सगळीकडे एकच.

आपल्या कानाला याचा उलगडा तंबोऱ्यावरून लवकर होतो. आपला तंबोरा जागचा हलत नाही. तो घरासारखा असतो. गवई कितीही हिंडला तरी संध्याकाळी तिथेच परतायचे. त्यांचा हा खर्ज म्हणजे चालता तंबोरा. तो पावलोपावली सरकतो, आणि तो सरकला की वरच्या सुराचा अर्थ बदलतो. पाव्याने वर ‘सा’ लांब धरून ठेवला आहे असे समजा. खर्जातही ‘सा’ असेल तर तो सूर घरी बसलेला आहे. खर्जात ‘म’ आला की तोच वरचा सूर त्या ‘म’चा पंचम होतो. खर्जात ‘ध’ आला की तोच त्याचा कोमल गंधार होतो, आणि आतापर्यंत हसत असलेल्या सुराचे डोळे भरून येतात. वाजवणारीने बोटही हलवलेले नसते. आपण काय म्हणतो आहोत हे पुष्कळदा आपल्या मागे कोण उभे आहे यावर ठरते. हे संसारात सर्वांना ठाऊक असते, संगीतात ते कानांना ऐकू येते.

नातीच्या बाईंनी साथीचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर भरून दिले होते. त्यावर ती पहिला भाग झोकात वाजवी. संथ भागात मात्र अडचण येई. सूर लांब, पोरीचा दम लहान. मधे श्वास घ्यायला ती क्षणभर थांबे, आणि मोबाइल थांबत नसे. तो आपला पुढे निघून जाई; एसटी चुकलेल्या माणसासारखी ती त्याच्यामागे धावे. पाडव्याला फराळाला आमच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर आले होते. रस्त्याच्या कडेला त्यांचे पंक्चरचे दुकान आहे. त्यांनी दोनदा ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, ह्या यंत्राला पोरीचं काही ऐकू येत नाही.”

मग त्यांनी घरून पेटी मागवली. पाश्चात्त्य लिपी त्यांना वाचता येत नाही. नातीने खर्जाची ओळ स्वतः गाऊन दाखवली, ती त्यांनी पट्ट्यांवर शोधली. आकडे पाहून त्यांनी विचारले, “हे काय गं, हिशेब मांडलाय का?” तिने तिच्या बाईंनी सांगितलेले सांगितले. मास्तर बराच वेळ कागदाकडे पाहात राहिले. “म्हणजे ह्यात खूण आहे. रस्ता आपण बघायचा.” मग दोघांनी तो संथ भाग सुरू केला. सूर कधी जास्त भरले जात, कधी चुकत. पण एका जागी पोरीचा श्वास संपत आला, आणि मास्तरांनी उजवा हात पट्ट्यांवरून उचलून नुसता खालचा एक सूर, भाता अगदी हळू हलवीत, धरून ठेवला. तिने श्वास घेतला. मग ते पुढे निघाले. नंतर चिवड्याची बशी हातात घेत ते मला म्हणाले, “पोरीचा दम कुठं सरतो ते कागदावर नाही लिहिलेलं. ते आपल्यालाच बघावं लागतंय.”

पेटी काही या संगीताला अगदीच परकी नव्हती म्हणा. ज्या ऑर्गनवर चर्चमध्ये हा कंटिन्युओ वाजे, त्याच्याच नात्यातली ही धाकटी मुलगी. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँने १८४२ साली तिला हार्मोनियम हे नाव देऊन तिचा हक्क नोंदवला. पुढे ती भारतात येऊन मांडी घालून बसली आणि भजनात रमली. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले आणि ते सुमारे तीस वर्षांनी किलकिले झाले. तिच्यावरचा आरोप खोटा नव्हता. तिच्या सुरांना जागचे हलता येत नाही, तिला मींड येत नाही. पण आमच्या मराठवाड्यातून आलेले अप्पा जळगावकर (१९२२–२००९) याच पेटीवर मोठमोठ्या गवयांच्या मागे बसत, आणि ऐकणाऱ्याला ती उणीव जाणवत नसे. आपल्या वाद्याला काय येत नाही हे ओळखून तिथे गप्प राहणे, ही साथीदाराच्या विद्येतली शेवटची पायरी असावी. गवई चुकला तर श्रोते गवयाला माफ करतात. साथीदार नको तिथे बोलला तर कोणी माफ करीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पेटीमास्तरांनी जे केले तो त्याग होता काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी स्वतःला पुसून टाकले नव्हते. उलट त्या क्षणी त्या खोलीत सर्वांत जागे तेच होते. पोरीला फक्त स्वतःची ओळ ठाऊक असली तरी चालत होते. मास्तरांना दोन ओळी, सहा आकडे आणि एका मुलीची छाती, एवढे सगळे ध्यानात ठेवायचे होते. आज्ञा पाळणारा माणूस यातले काही करू शकत नाही. आज्ञा मोबाइलही पाळतो. साथीचे मोल झिजण्यात नाही, समजेत आहे. कागदाने जी जागा मोकळी सोडली तिथे आपल्या बुद्धीने काय भरायचे आणि काय नाही भरायचे, हे ज्याला ठरवता येते तो साथीदार. ज्याच्यासाठी एकही जागा मोकळी ठेवलेली नाही, तो वेठबिगार. त्याला चंदन म्हणा, समई म्हणा, कितीही हार घाला. वेठ ती वेठच.

पण एवढ्यावर थांबले तर मीही पहिल्या उत्तराच्या रांगेत जाऊन बसले असे होईल. ‘तुमची समज किती मोठी!’ असे म्हणून साथीदाराच्या हाती नारळ द्यायचा आणि दक्षिणा मात्र द्यायची नाही, ही रीत जुनी आहे. त्याचे उदाहरण याच संगीतात सापडते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक बासरी वाजवी. आडोल्फ मेन्झेल या चित्रकाराने पुढे १८५०-५२ मध्ये त्याच्या मैफलीचे एक चित्र काढले. ते बर्लिनला आहे. मधोमध, मेणबत्त्यांच्या उजेडात, बासरी ओठांना लावलेला राजा. हार्प्सिकॉर्डवर बसलेला जो गृहस्थ त्याला साथ करतो आहे तो कार्ल फिलिप एमानुएल बाख, थोर योहान सेबास्टियन बाख याचा मुलगा आणि टेलेमानचा मानसपुत्र. त्याच्या नावातले ‘फिलिप’ टेलेमानचेच. स्वतः पहिल्या प्रतीचा संगीतकार. राजाच्या बासरीच्या मास्तरांना, म्हणजे क्वांट्सना, वर्षाला २००० थालर मिळत. बाखला सुरुवातीला ३०० मिळत. राजाच्या मागे बसण्यात त्याची पाव शतकाहून अधिक वर्षे गेली.

त्या वर्षांत त्याने एक पुस्तक लिहिले. पहिला भाग १७५३ साली निघाला, दुसरा १७६२ साली. हा दुसरा भाग बहुतांशी साथीविषयी आहे. पुढच्याचा आवाज पाहून चार सूर धरावेत की तीन, की दोन. कुठे नुसता खर्ज पुरे. कुठे हात आवरावा. या साऱ्याचा त्यात बारीक विचार आहे. मला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. साथीत बुद्धीला किती मोठे क्षेत्र आहे याचे हे पुस्तक प्रमाण आहे. आणि त्या बुद्धीची किंमत दरबाराने किती केली, याचे ते ३०० थालर प्रमाण आहेत. एका प्रमाणाने दुसरे खोडता येत नाही. १७६८ साली बाख बर्लिन सोडून हाम्बुर्गला गेला, वारलेल्या टेलेमानच्या जागेवर. साथ थोर आहे म्हणून साथीदाराने जन्मभर एकाच राजाच्या मागे बसावे असे त्याला वाटले नाही, आणि ते मला योग्य वाटते.

याच्यापुढची गोष्ट टेलेमानच्या त्याच पाक्षिकात आहे. नातीच्या वहीत आणखी एक सोनाटा होता. त्यात खर्जाची ओळ वेगळी लिहिलेली नाहीच. पावा जी चाल वाजवतो तीच चाल, थोड्या अंतराने, खर्जानेही वाजवायची. पुढचा बोलून जरा पुढे सरकला की मागचा तेच बोलतो. आणि त्याचे बोलणे हीच पुढच्याला साथ होते. हे मी ऐकले आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या पहाटे जात्यावर बसत तेव्हा समोर कोणीतरी लागे. दोघींनी खुंटा धरायचा. एकीने ओवीची पहिली ओळ म्हणायची, दुसरीने पुढची. ‘समोरचीनं नुसता हात टेकला तर जातं जड होतं, तिनंही ओढलं तर हलकं होतं,’ असे त्या म्हणत. त्या अंधारात गाणारी कोण आणि साथ करणारी कोण, हे सांगता आले नसते. ओळीगणिक ते बदलत होते.

आमच्या भागाला हे नवे नाही. हिंगोलीजवळचे नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात. त्यांच्या घरी राबणारी जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवी. आणि तिचे अभंग आज नामदेवांच्या अभंगांशेजारी बसून गायले जातात. तिच्याबद्दलची जी कथा लोकांनी सर्वांत जिवापाड जपली ती कोणती? पांडुरंग तिच्या जात्यापाशी येऊन दळू लागला ही. लोकांच्या मनाने न्याय केला तो असा. जनीला सिंहासनावर बसवले नाही. देवाला आणून तिच्या समोर, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसवले. जिने जन्मभर साथ केली तिला साथ द्यायला कोणीतरी आले. औंढ्याच्या नागनाथाची कथाही याच जातीची आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, मागे जायला सांगितले. ते मागे गेले आणि देऊळच त्या बाजूला फिरले. मागे उभा आहे म्हणून माणूस मागासलेला ठरत नाही. तोंड कोणी कुणीकडे करायचे, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून माझे तिसरे उत्तर साथीदाराला उद्देशून नाही. ते पुढे बसणाऱ्याला उद्देशून आहे. आजवरचा सारा उपदेश मागच्यांना झाला. नम्र व्हा, ऐका, सांभाळून घ्या. पुढच्याला कोणी काही शिकवले नाही. कंटिन्युओ त्याला तीन गोष्टी शिकवतो. मागच्यासाठी सगळेच लिहून ठेवू नकोस. खूण कर आणि रस्ता त्याला पाहू दे. तो जे भरतो आहे ते ऐक, कारण तुझ्या सुराचा अर्थ त्यावर ठरतो आहे. आणि तुझी चाल थोड्या वेळाने त्याच्याही वाट्याला येऊ दे.

यातली पहिली गोष्ट जगाने लवकर सोडली. अठरावे शतक सरता सरता संगीतकार साथीचा एकेक सूर स्वतः लिहू लागले. आकड्यांची गरज संपली. त्यामुळे मोठमोठी संगीते निर्माण झाली, हे नाकारता येणार नाही. पण मागे बसलेल्या अनोळखी माणसाच्या समजुतीवर जो विश्वास त्या दोन-चार आकड्यांत होता, तो गेला. आज आपल्याकडे पेटीत बसणारा विजेचा तंबोरा आहे, तबल्याचे यंत्र आहे. ती कधी रुसत नाहीत, बिदागी मागत नाहीत, आणि रियाजाला उपयोगी पडतात हेही खरे. मला भीती यंत्रांची नाही. माणसांकडूनही आपण तशाच साथीची अपेक्षा करू लागतो, याची आहे. न चुकणारी, न थकणारी, न विचारणारी. घरातल्या एखाद्या बाईला ‘तिचे कसे अगदी घड्याळासारखे असते’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ती काय ऐकत असेल?

तुम्ही हा अंक उघडून बसला असाल तेव्हा दिवाळी घरात आलेली असेल. आतून तळणीचा वास येत असेल. कोणीतरी चकल्या पाडते आहे, कोणीतरी तेल किती तापले हे नुसत्या नजरेने ओळखते आहे. ते माप कोणत्याही पुस्तकात आकड्याने लिहिलेले नसते. तिची वाहवा फराळाच्या ताटावर होईलच. ती दरवर्षी होते. मी एवढेच सुचवते की लेख संपला आहे, अंक पालथा घालून ठेवा, आत जा, आणि पुढचा घाणा कोणी काढायचा ते विचारा.